पटवेकऱ्याची पोकळ वीण

मण्यांची एक वीण अशी आहे की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ती वीण वाटतच नाही. आठ-दहा मणी दोऱ्यात ओवायचे, त्यांचे कडे करून गाठ मारायची आणि त्या कड्यावरच चढू लागायचे. सुईत एक नवा मणी घ्यायचा, कड्यातला एक सोडायचा, त्याच्या पुढच्यातून सुई काढायची. पुन्हा एक घ्यायचा, एक सोडायचा. हातात नुसता गुंता दिसत राहतो. चौथ्या-पाचव्या फेरीला दोरा जरा ओढून धरला की तो गुंता एकदम उभा राहतो आणि मण्यांची नळी तयार होते. आत काही नाही, बाहेर मणी, आणि नळी मात्र वेताच्या काडीसारखी लवते. कड्यात मणी सम घेतले तर फेरी संपताना सुई त्या फेरीच्या पहिल्या मण्यातूनही काढावी लागते, म्हणजे दर फेरीला एक पायरी चढावी लागते. विषम घेतले तर पायरी उरतच नाही. फेरी कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे विणणारीलाही सांगता येत नाही, वीण मळसूत्रासारखी वर सरकत राहते. एका ओळीत मोठे मणी धरले की नळी स्वतःभोवती पीळ घेते. हौशी वर्गांतून ही वीण आज ‘ट्यूब्युलर पेयोटी’ या नावाने शिकवली जाते. उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या पेयोटी विधीत पिसांचे पंखे आणि खुळखुळे वापरतात. त्यांच्या मुठी या विणीने मढवत, म्हणून हे नाव पडले. वीण त्याहून पुष्कळ जुनी आहे, प्राचीन इजिप्तच्या मणिकामातही ती सापडते. नाव मात्र शेवटी ज्याने छापले त्याचे राहिले.

हा प्रकार नाशिकच्या सराफ बाजाराशी जोडायचा म्हटले तर वाचकाला शंका येणे रास्त आहे. ‘आपल्याकडे हे सगळे आधीपासून होतेच’ असे म्हणण्याची एक हौस आपल्या अंगात मुरलेली आहे आणि तिने इतिहासाचे भले कधी केलेले नाही. एक मणी घेऊन एक सोडण्याची नेमकी हीच वीण नाशकात कुणी घालत असे, असा दावा इथे नाही. दावा त्याहून लहान आहे, पण पुराव्याने तपासता येण्याजोगा आहे. पोकळीभोवती गोल फिरत, आत कसलाही आधार नसताना किंवा असलाच तर तो मागून काढून घेऊन, निव्वळ दोऱ्याच्या ताणावर आकार उभा करायचे ज्ञान मराठी मुलखात एका ठरावीक कारागिराच्या हातात होते. तो कारागीर म्हणजे पटवेकरी. दागिन्यांच्या इतिहासात आपण सोनाराचे नाव घेतो, जवाहिऱ्याचे घेतो, कोंदणकाराचेही घेतो. पटवेकऱ्याचे घेत नाही. याचे कारण त्याचे काम कमी दर्जाचे होते हे नसून त्याच्या कामाचा पुरावा कुजून जातो, हे आहे.

पटवेकरी म्हणजे रेशमाचा माणूस. नावातला ‘पट’ म्हणजे पट्ट, रेशीम. सोनार मणी, वाट्या, पेट्या, फुले घडवून देतो. ती सुटीच असतात. त्यांचा दागिना होतो तो पटवेकऱ्याच्या ओट्यावर. मराठीत याला ‘गाठवणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. मंगळसूत्र ओवत नाहीत, गाठवतात. तन्मणी गाठवतात, जपमाळ गाठवतात. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी रुद्राक्षाच्या नि तुळशीच्या माळा विकल्या जातात त्यांतही हाच फरक आहे. नुसती ओवलेली माळ स्वस्त, मण्यामण्यांत गाठ असलेली महाग, कारण एक दोरा तुटला तरी एकशे आठ मणी रामकुंडात सांडत नाहीत. पटवेकऱ्याचे हत्यार म्हणाल तर बोटे, बारीक सुई, मेण आणि पायाचा अंगठा. दोऱ्याचे एक टोक अंगठ्यात अडकवून दुसऱ्या टोकाशी तो काम करतो. ताण वाढवायचा तर पाय पुढे, कमी करायचा तर मागे. दोन्ही हात मोकळे. करदोट्याची गोल दोरी अशीच वळली जाते. पण त्याची खरी करामत पाहायची तर गोंड्याच्या मानेशी पाहावी. बाजूबंदाच्या किंवा चिंचपेटीच्या दोरीला जो रेशमी गोंडा असतो त्याच्या डोक्यावर जरीची एक घट्ट जाळी दिसते, वांग्याच्या देठासारखी बसलेली. ती जाळी कापून चिकटवलेली नसते. गोंड्याच्या मानेभोवती सुईने फेरी घालायची, मग त्या फेरीच्या प्रत्येक टाक्यातून पुढची फेरी, वरती निमुळते होताना टाके सोडत जायचे. मधला गाभा काढून टाकला तर हातात काय उरेल? एक पोकळ नळी. दोऱ्यावर प्रत्येक टाक्याला एक मोती धरला, आणि श्रीमंताघरच्या गोंड्यांना तसे मोती धरतही, तर ती मण्यांची गोल वीणच झाली.

आता पुरावा. नाशिकमध्ये गोदावरीच्या काठी जुनी मातीची गढी आहे. पावसाळा आला की तिची माती ढासळते आणि तिथल्या घरांची बातमी वर्तमानपत्रात येते. या गढीत १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. जोर्व्याच्या उत्खननासह त्याचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. गढीच्या निरनिराळ्या थरांत मणी मिळाले: भाजल्या मातीचे, शंखाचे, काचेचे, अकीकासारख्या दगडांचे. अहवालांत अशा मण्यांचे तक्ते असतात. आकार गोल की पिंपासारखा, छिद्र एका बाजूने पाडलेले की दोन्ही, रंग कोणता, लांबी किती. हे तक्ते फार कष्टाचे आहेत आणि मो. गं. दीक्षितांसारख्या अभ्यासकाने मण्यांवर आणि काचेवर आयुष्य घालवले म्हणून आज आपल्याला काही बोलता येते. पण त्या तक्त्यात एक रकाना नसतो आणि असणे शक्यही नसते: हे मणी एकमेकांशी कसे जोडलेले होते. दोरा गेला की जोडणी गेली. विणलेल्या पट्टीतले शंभर मणी आणि एका सरळ माळेतले शंभर मणी मातीत सारखेच पसरतात. मग उत्खननकार सवयीने माळच मानतो, संग्रहालयात ती नव्या दोऱ्यात सरळ ओवून ठेवतात, आणि पाहणाऱ्याची खात्री होते की पूर्वीचे लोक मणी फक्त ओवत होते.

दोरा टिकलाच तर काय दिसते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. प्रवरेकाठच्या नेवासे इथे ताम्रपाषाणयुगातील वस्तीत एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याचे मणी सापडले आणि त्या मण्यांच्या छिद्रांत दोऱ्याचे अवशेष होते. तांबे गंजते तेव्हा त्याचे क्षार तंतूत शिरतात आणि त्याला कुजू देत नाहीत. मुलाच्या गळ्यात सोने असते तर दोरा मिळाला नसता. तांबे होते म्हणून मिळाला. त्या तंतूंची तपासणी करून गुलाटी यांनी १९६१ साली निष्कर्ष काढला की दोऱ्यात कापसाबरोबर रेशीमही होते. पुढे त्यावर कुणी शंका घेतली, न घेतली, तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू. इथे महत्त्वाचे एवढेच की तीन हजार वर्षांपूर्वी एका मुलाच्या माळेसाठी कुणीतरी दोन जातींच्या तंतूंचा विचार करून दोरा केला. ज्याला मणी नुसते अडकवायचे आहेत तो असा विचार करत नाही. दोरा हा स्वतंत्र कसबाचा विषय होता.

ग्रंथांकडे वळले तर तिथेही रकाना कोराच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या माळांचे प्रकार मोजून दिले आहेत: १,००८ पदरांचा इंद्रच्छंद, त्याच्या निम्म्याचा विजयच्छंद, मग शंभराचा देवच्छंद, ६४ चा अर्धहार, असे उतरत उतरत दहा पदरांच्या अर्धमाणवकापर्यंत. मोती सारखे की मधे मोठे नि कडेला लहान, यावरूनही नावे आहेत. मध्ये रत्न असले तर नाव वेगळे. कोशागाराच्या अधिकाऱ्याला मोजणी हवी, वजन हवे, किंमत हवी. विणीची किंमत ठरत नव्हती, म्हणून विणीला नाव दिले गेले नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत फुलमाळा गुंफण्याच्या प्रकारांना स्थान आहे, दोऱ्याच्या खेळांनाही आहे, पण तिथे ती नागरकाच्या घरची हौस आहे, पोटाचा धंदा नव्हे.

नाशिकच्याच पांडवलेण्यांतले चित्र जरा चमत्कारिक आहे. दहाव्या लेण्यातला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख सांगतो की गोवर्धन इथल्या विणकरांच्या, म्हणजे कोलिकांच्या, एका श्रेणीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवली, आणि दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १,००० पाऊण टक्क्याने. २,००० चे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी द्यायची, असा हिशेब कोरून ठेवला आहे. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला त्याच नावाने नांदते आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेण्या येतात. म्हणजे नाशकात सपाट कापड विणणारा माणूस राजाच्या जावयाची ठेव सांभाळण्याइतका मोठा होता. पण दागिने गाठवणाऱ्याचा त्या भिंतींवर मागमूस नाही. नंतरच्या काळात बारा बलुत्यांच्या प्रचलित यादीत सुतार, लोहार, कुंभार येतात, काही याद्यांत सोनार येतो, पटवेकरी कुठेच येत नाही. त्याचे काम गावाला रोज लागणारे नव्हते. तो बाजारपेठेचा, देवस्थानाचा आणि वाड्यांचा कारागीर. नाशिकसारख्या गावी, जिथे यात्रा, पेशवाईतले सरदार आणि सराफी तिन्ही होते, तिथेच त्याचा धंदा तगायचा.

गोल विणीच्या या दाव्यावर पहिला आक्षेप सामग्रीचा आहे आणि तो हलका नाही. गोल विणीला मणी एकसारखे लागतात. एक मणी जाड, एक बारीक असेल तर नळी वाकडी होते, पोटात फुगते. असे सारखे मणी कारखान्यांनी दिले: आधी व्हेनिस आणि बोहेमियाने, मग विसाव्या शतकात जपानने. काठियावाडात तीन मण्यांच्या जाळीचे भरत बहरले ते एकोणिसाव्या शतकात, झांझिबारच्या व्यापारातून युरोपीय काचमणी आले तेव्हा. त्या जाळीने तिथे इंढोणी, म्हणजे डोक्यावरची चुंबळ, मढवली, नारळ मढवले, म्हणजे गोल वस्तूंना गोल वीण आली. मग आपल्याकडे आधी कशी असेल? याचे उत्तर असे की बारीक एकसारखा काचमणी ही युरोपची देणगी नव्हे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूत काचेची पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे पाडण्याची रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चालू होती आणि ते मणी समुद्रापार आग्नेय आशियाभर गेले. आंध्रातल्या पापनायुडुपेटच्या भट्ट्यांत हीच रीत विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. एकाच नळीचे तुकडे असल्यामुळे त्यांची जाडी आपोआप जुळते. दगडाच्या बाबतीतही नाशिक काही आडबाजूला नव्हते. पेरिप्लसच्या लेखकाने पहिल्या शतकात पैठणहून भडोचला गोमेदासारखे दगड जात असल्याचे नोंदवले आहे, आणि घाट उतरणाऱ्या जुन्या वाटांवर नाशिकचा परिसर येतो. माल होता. सुईही होती. एवढ्यावरून वीण होती असे सिद्ध होत नाही, हे कबूल. पण ‘होणे शक्यच नव्हते’ हा आक्षेप मात्र उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. मराठी स्त्री-पुरुषांच्या गळ्यातला सोन्याचा गोफ पाहा, कुणी म्हणेल. त्याची वीण गोल आहे, आत पोकळ आहे, आणि तो सोनाराने तारेच्या कड्या एकीत एक घालून केलेला आहे. अशा साखळ्या मेसोपोटेमियातील उर इथल्या राजदफनांत, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी, मिळाल्या आहेत. तेव्हा गोलपणाचे श्रेय सोनाराला द्या, पटवेकऱ्याने त्याची नक्कल केली असेल. इथे मातीतला पुरावा पुन्हा पक्षपाती साक्षीदार आहे, कारण तो धातू तेवढा जपतो. म्हणून भाषेकडे पाहावे लागते. ‘गोफ’ हा शब्द मराठीत सोन्यापुरता नाही. रेशमी दोऱ्यांची गोल वेणी म्हणजे गोफ. आणि गोव्या-कोकणात शिगम्याच्या दिवसांत खेळतात तोही गोफच. त्या खेळात वरती एका ठिकाणी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांचे एकेक टोक प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात असते. निम्मे डावीकडून, निम्मे उजवीकडून फिरतात. समोरच्याला एकदा आतून, एकदा बाहेरून घेतात. डोक्यावर दोऱ्यांची गोल वेणी उतरत येते. मग ताल तोच ठेवून उलटे फिरले की ती पुन्हा सुटी होते, एकही गाठ न पडता. ज्या समाजाने ही वीण पायांनी नाचून दाखवली त्याच्या लेखी ती दोऱ्याचीच वीण होती, धातूची नव्हे. सोन्याच्या साखळीला ते नाव दोऱ्याकडून मिळाले असणार. धातूची कडी एकदा जोडली की सुटत नाही. उलट फिरून सुटणे ही कल्पना दोऱ्यालाच सुचते.

एक सावधगिरी मात्र हवी. पीळ आणि वीण यांत गल्लत करू नये. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. त्याच्या अंगावरून मोत्यांच्या बारीक सरांचे जाडसर यज्ञोपवीत गेलेले आहे. ते गोल आहे, दोरखंडासारखे आहे, पण ते पिळलेले आहे. सर एकमेकांभोवती गुंडाळले आहेत, विणलेले नाहीत, आणि आत पोकळी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात जी दांपत्ये आहेत त्यांतल्या स्त्रियांच्या कमरेच्या मेखला बहुपदरी मण्यांच्या आहेत, तिथेही पदर शेजारी शेजारी आहेत एवढेच ठाम सांगता येते. शिल्प किंवा चित्र वरून दिसणारे दाखवते. दोरा आतून कसा गेला हे दाखवणे शिल्पकाराचे काम नव्हते. त्यामुळे ही उदाहरणे माझ्या बाजूने मोजायचा मोह टाळलेला बरा. शब्दांच्या बाबतीतही तेच. ‘पोत’ म्हणजे काळ्या मण्यांची माळ, ‘पोत’ म्हणजे कापडाची वीण किती दाट किती विरळ ते, आणि देवीपुढे नाचवतात तो पिळलेल्या कापडाचा जळता पोतही. तिन्हींचा दोऱ्याशी संबंध पाहून कुणीही हुरळून जाईल; पण शब्दांचे मूळ एकच असेल असे नाही, आणि इतिहास यमकांवर उभा करता येत नाही.

पक्का पुरावा हवा तर ठुशीकडे यावे. ठुशी म्हणजे गळ्यालगत बसणारा बारीक सोन्याच्या मण्यांचा दागिना. ठासून बसवलेले मणी म्हणून ठुशी, असे नाव सांगतात. जुन्या ठुशीतले मणी भरीव नसत. पातळ सोन्याचे पोकळ मणी आणि आत लाख. त्यामुळे ते दाबून, ठोकून, झाळून एकमेकांना जोडता येत नाहीत. सोनाराची सगळी हत्यारे इथे निरुपयोगी. जोडणी दोऱ्यानेच करायची, तीही अशी की मण्यांच्या रांगा एकमेकींच्या खाचेत बसाव्यात, दोरा डोळ्याला दिसू नये आणि पट्टी गळ्याच्या गोलाईने वळावी पण मोडू नये. वर वर्णन केलेल्या विणीत एक मणी सोडून पुढच्यातून सुई काढतात ती नेमक्या याच कारणासाठी: वरचा मणी खालच्या दोघांच्या फटीत बसावा. मागे रेशमी दोरी, तिच्यावर सरकती गाठ, टोकाला गोंडा. हीच ठुशी सासूच्या गळ्याला बसते आणि सुनेच्याही, कारण माप सोन्यात नसून दोरीत आहे. एवढा विचार करून केलेल्या वस्तूला आपण ‘सोन्याचा दागिना’ म्हणतो आणि वजनकाट्यावर ठेवताना दोरी-लाखेची घट वजा करतो.

तिसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. पटवेकरी हा पिढ्यान्‌पिढ्या तेच ते करणारा. नव्या हौशी विणकर स्त्रिया रोज नवा नमुना काढतात. सर्जन त्यांचे, त्याचे फक्त हातकाम. हा आक्षेप ऐकायला सरळ आहे, पण त्यात गिऱ्हाईक विसरले जाते. मंगळसूत्रात दोन वाट्या असाव्यात, एक माहेरची एक सासरची; वाट्यांजवळ सोन्याचे मणी किती, काळे किती; मुंडावळीला सर किती, हे पटवेकऱ्याने ठरवायचे नसते. घराण्याची चाल ठरवते. ठरलेल्या गोष्टींच्या फटीत त्याला जागा असते: गोंड्याची मान, मागची दोरी, पदर एकत्र येतात तो जोड, वाट्यांच्या वरची गाठ. तिथेच तो खेळतो, आणि जाणती गिऱ्हाइके तिथेच पाहतात. संगीतात बंदिश ठरलेली असते म्हणून गाणाऱ्याला कुणी कारकून म्हणत नाही. शिवाय नव्या नमुन्यांचे सर्जन छापील आराखड्यामुळे, चित्रफितींमुळे जगभर पोहोचते नि टिकते. पटवेकऱ्याची नवी गाठ दोऱ्याबरोबर संपत असे. रेशीम घामाने कुजते, तेलाने मऊ पडते, मण्याच्या कडेला घासून झिजते. वर्षा-दोन वर्षांनी दागिना पुन्हा त्याच्याकडे येणार, तो जुनी वीण कापून टाकणार आणि मणी ताटलीत ओतून नव्याने बसणार. जुने काम नष्ट करूनच नवे सुरू करायचे, असा हा बहुधा एकमेव धंदा असेल. मराठी घरांत तर दोरा तुटण्याला तुटणे म्हणायचीही बंदी होती. मंगळसूत्र ‘वाढले’ म्हणायचे. त्या ‘वाढलेल्या’ मण्यांचा पदरात गुंडाळलेला पुडा घेऊन बाई सराफ बाजारात जायची ती सोनाराकडे नव्हे. अशुभ टाळण्यासाठी शब्द बदलणाऱ्या समाजाने ते अशुभ निस्तरणाऱ्या माणसाचे नाव कुठे नोंदवून ठेवले नाही.

येवल्याचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे, कारण तेही नाशिक जिल्ह्यातलेच आणि तेही रेशमाचेच. १८८३ साली निघालेल्या गॅझेटिअरच्या नाशिक खंडात येवल्याच्या रेशमी कापडावर आणि जरीवर सविस्तर मजकूर आहे. मुंबईमार्गे येणारे चिनी रेशीम तिथे उकलले जाई, रंगवले जाई, मागावर चढे. पैठणीला आज भौगोलिक मानांकन आहे, पर्यटक माग पाहायला येतात. तेच रेशीम, तीच जर पटवेकऱ्याच्या बोटांतून गेली की तिची ओळख पुसली जाते. सपाट कापड घडी घालून पेटीत ठेवता येते, त्याला वजन आहे, भाव आहे, वारशात त्याची वाटणी होते. गोल दोरीला यातले काहीच नाही. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम येऊन चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आली तेव्हा सुवर्णकारांच्या बेकारीवर देशभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण सोनार बसला की त्याच्या मागे गाठवणाराही बसतो, ही गोष्ट त्या चर्चेत कुणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. १९९० साली सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच गेला. तोवर मंगळसूत्र दोऱ्याऐवजी सोन्याच्या तारेत गुंफण्याची रीत रुळली होती. तार कुजत नाही, म्हणून दागिना परत येत नाही. रेशमाच्या जागी नायलॉन आले, गोंड्याच्या जागी आकडा आला, ठुशीचे मणी पट्टीवर डाक लावून बसवले जाऊ लागले.

गोदावरीला मोठा पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून पाण्याचा अंदाज घेतात, आणि पाणी त्याहीवर गेले की ते सराफ बाजारात शिरते. २००८ साली शिरले, २०१६ साली शिरले, २०१९ साली शिरले. पाणी ओसरल्यावर दुकानांतला गाळ उपसतात, सोने-चांदी धुऊन पुसून पुन्हा फडताळात लावतात. सराफ पेठांतल्या धुळीतून आणि गटारांतून सोन्याचे कण गाळून काढणारा झारेकरीही आपल्याकडे पिढीजात आहे. त्याच्या परातीत धूळ फिरते, जड ते तळाशी राहते, हलके पाण्याबरोबर वाहून जाते. रेशमाचे तुकडे, जरीची टोके, कापून टाकलेल्या जुन्या गाठी त्या हलक्यात असतात.